मनात वाचा

एप्रिल लागला की शाळेचा आवाज बदलतो. जूनमध्ये तो नुसता गलका असतो, नव्या दप्तरांचा, हुंदक्यांचा, पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाशी भांडणाऱ्या बाईंच्या वरच्या पट्टीचा. दिवाळीची सुट्टी सरली की त्याला ठेका सापडतो आणि पाढ्यांच्या चालीवर अख्खा वर्ग मागेपुढे डोलू लागतो. मग होळी जळून जाते, शाळा सकाळची होते, निंबाचा बारीक पांढरा फुलोरा ओट्यावर, पायऱ्यांवर, दाराशी काढलेल्या चपलांवर सांडू लागतो, आणि त्या आवाजात मधूनमधून खंड पडायला लागतात. अर्धं मिनिट. पाऊण मिनिट. वर्ग पोरांनी भरलेला असून आतून काहीच ऐकू येत नाही.

मला त्या खंडाची ओढ आहे.

पहूरला माझ्या माहेरची मागची भिंत आणि शाळेचं कुंपण यांच्यामध्ये एक निंब आणि एक माणूस जाईल एवढी बोळ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी यायचं ही खानदेशातल्या लेकीबाळींची रीतच. मी मात्र थोडी आधी येते, शाळा चालू असतानाच, आणि सकाळी चहा घेऊन त्या बोळीत निंबाखालच्या दगडावर बसते. दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर धुरकट उभा असतो. चौफुलीवर ट्रकचे हॉर्न, पेठेतल्या दुकानांची शटरं, दूध घालून परतणाऱ्या मोटारसायकली. वाघूर आटलेली असते. माझ्या लहानपणी तिच्या वाळूत झिरे खणून बायका वाटीवाटीने हंडा भरत, आणि आम्ही पोरी वर दिसणाऱ्या कोरड्या नदीच्या पोटातलं ते पाणी बघत उकिडव्या बसून राहायचो. सातचं ऊन अजून कोवळं असतं. दुपारी ते चव्वेचाळीसच्या घरात जाईल आणि रस्त्यावर कुत्रंही दिसणार नाही; पण सातला ते खिडकीच्या गजांतून तिरपं आत शिरतं आणि फरशीवर मांडी घालून बसलेल्या दुसरीच्या पोरांच्या केसांवर, गालांवर, कानांवर उतरतं. कानांच्या पाळ्या आरपार लाल दिसतात.

या दिवसांत धडे संपलेले असतात आणि परीक्षा पुढे असते. पूर्वी परीक्षा लवकर उरकायची आणि नंतर शाळेत जीवच उरायचा नाही. 2025 साली राज्यभर एकच वेळापत्रक आलं, पहिलीपासूनचे पेपर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबले, तेव्हा घरोघरी कुरकुर झाली, उन्हाची, लग्नांची, मामाच्या गावाची. कुरकुर रास्तच होती. पण कुंपणाबाहेर बसणारीच्या पदरात त्यातून उजळणीचे हे लांबच लांब दिवस पडले, ज्यांत नवं काही शिकवायचं नसतं आणि म्हणूनच, मला वाटतं, पुष्कळ काही शिकून होतं.

एकदा वजाबाकी चालली होती. बेचाळीसमधून सतरा. समोर खराट्याच्या काड्या: दहादहाच्या चार जुड्या रबराने बांधलेल्या, आणि दोन सुट्या. माझ्या भाचीने सुट्या दोन उचलून बाजूला ठेवल्या आणि ती थांबली. सात द्यायच्या, हाताशी दोनच. बाई म्हणाल्या, “मग आता?” आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं. एक जुडी सोडायची. पण ती जुडी तिने स्वतः बांधली होती, थंडीच्या दिवसांत, काड्या एका मापाच्या तोडून, टोकं फरशीवर टकटक आपटून सारखी करून, रबराचे वेढे देऊन. आणि ती तिथे बसून त्या जुडीकडे पाहत राहिली, अंगठ्याने रबर नुसतं ताणत, सोडत, पुन्हा ताणत. शेजारच्या पोराचं उत्तर येऊनही गेलं. शेवटी तिने डोळे गच्च मिटून रबर ओढलं. काड्या फरशीवर पसरल्या.

पंचवीस.

बांधलेलं सोडायचं आणि सुटं बांधायचं, आखाजीच्या तोंडावर गावातही दुसरं काय चाललेलं असतं? सालदाराचं साल आखाजीला संपतं. शेतमालकाच्या ओट्यावर हिशोब होतो, उचल, धान्य, राहिलेले पैसे. नवं साल ठरतं किंवा ठरत नाही. नाही ठरलं तर गोधड्या, डबे, चुलीवरचा तवा, खुराड्यातल्या कोंबड्या आणि पोरं असं सगळं छोटा हत्तीत चढतं आणि दुसऱ्या गावाला उतरतं. शेताचं साल आणि शाळेचं साल असं हाताला हात लावून संपत असल्यामुळे आमच्याकडच्या काही पोरांना दोन्हींचा निरोप एकदमच घ्यावा लागतो. भाचीच्या मांडीला मांडी लावून बसणारी पोर अशीच. सागरगोटे खेळताना तिने सांगितलं, गोटा वर हवेत असताना, “आम्ही आखाजीले चाललो.” भाची म्हणाली, “मंग कधी येशीन?” पोरीने गोटा झेलला, पुढचा उडवला. दुसऱ्या दिवशी भाचीने आपल्या कंपासपेटीतले निम्मे सागरगोटे, त्यातही चांगले गुळगुळीत, तिला देऊन टाकले. आणि घरी आल्यावर त्या दिलेल्या गोट्यांसाठी माझ्या वहिनीजवळ तासभर रडली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो. त्यात दोन-तीन शब्द मावतात.

पण मी बसले होते वाचनाचं सांगायला.

दुसरीच्या अखेरीपर्यंत र या अक्षराचे सगळे वेष दाखवून झालेले असतात. प्रकाशात तो पायाशी लोळतो, पर्वतात डोक्यावर चढून बसतो, ट्रकच्या पोटाखाली लपतो, आणि पऱ्हाटीत, पोरांच्या रोजच्या बोलण्यातल्या पऱ्हाटीत, कुशीवर वळून असा निजतो की आयुष्यभर कापसाच्या शेतात वावरलेलं पोरही त्याला ओळखत नाही. हे वेष पालटणं एकदा पचलं की मोठ्याने वाचण्याची गाडी रुळावर येते. ओळीमागून ओळ, एका सुरात, दम लागेपर्यंत. आणि मग एका सकाळी बाई म्हणतात, “आता आवाज नको. मनात वाचा.”

मन कुठे असतं ते पहिल्या दिवशी कुणालाच सापडत नाही. एकजण पुस्तक छातीशी धरतो. एकीने तर डोळेच मिटले. बाकीचे कुजबुजतात, आणि सगळ्या कुजबुजींचं मिळून पऱ्हाटीच्या शेतातून वारा गेल्यावर होतं तेवढं बारीक खुसखुसणं वर्गभर पसरतं. “ओठ मिटा.” ओठ मिटतात, पण मिटल्या ओठांआड जीभ चालू असते, गळा हलतो, हनुवटी प्रत्येक अक्षराला किंचित खाली जाते, बोट ओळीखालून सरकत राहतं. शरीर शब्दाला सोडायला तयार नसतं. आठवडाभर असंच जातं. बाई घाई करत नाहीत. त्या खुर्चीत बसून स्वतः काहीतरी वाचत असतात, आणि हे मला फार आवडतं.

मग तो खंड येतो. भाचीच्या मांडीवर ‘किशोर’चा जुना, कोपरे झिजलेला अंक होता, 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे असे किती अंक किती शाळांच्या पेट्यांमधून हात बदलत फिरले असतील. ती वाचत होती. बोट ओळीखाली होतं. ऊन पानावर आलं होतं, तिने अंक जरासा वळवला. आणि बघता बघता तिचं बोट एका शब्दापाशी रेंगाळलं, तिथेच राहिलं, पण डोळे थांबले नाहीत. डोळे त्या ओळीच्या टोकाला गेले, खाली उतरले, पुढच्या ओळीत शिरले. बोट मागे. डोळे पुढे. ओठ स्वस्थ. हनुवटी स्वस्थ. निंबावरून एक फूल तिच्या पायाशी पडलं तेही तिला कळलं नाही. मग हात आपण होऊन उठला आणि त्याने पान उलटलं.

तिला कुणी सांगितलं नाही की काहीतरी झालं. मीही नाही.

आपल्याकडे हे मोजायची सोय नाही. सोय आहे ती मोठ्याने वाचण्याची: 2021 मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ काढलं, त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत असं ठरलं, आणि घड्याळ लावून बसलेले साहेब मी पाहिले आहेत. मोजू नये असं मी म्हणत नाही. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या 100 पोरांपैकी जेमतेम 27 पोरांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला, तेव्हा मोजायला तर हवंच, आणि ज्या बाईंच्या वर्गात ही संख्या वाढते त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं. फक्त एवढंच, की घड्याळाला शब्द तोंडातून बाहेर पडलेला लागतो. आत गेलेला शब्द त्याच्या काट्याला लागत नाही.

माझ्या आजीला आत वाचता यायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेली, पोथी सुंदर वाचायची, पण वाचायची म्हणजे गायची. श्रावणातल्या दुपारी, चष्म्याची दोरी कानामागे घालून, समोर समई नसली तरी समई असल्यागत बसून तिचा एक घुमणारा, अर्धा नाकातला सूर लागायचा आणि घरातली झोपलेली माणसंही त्या सुरात कूस बदलायची. आलेलं पत्रसुद्धा ती मोठ्याने वाचायची, एकटी असली तरी. तिच्या दृष्टीने ऐकू न येणारं वाचन हे वाचन नव्हतंच, ते नुसतं कागदाकडे बघणं. यात तिचं काही मागासपण होतं असं नाही. सोळाशे वर्षांपूर्वी मिलानमध्ये ऑगस्टिनसारख्या विद्वानाने आपल्या बिशपला, ॲम्ब्रोजला, जीभ न हलवता वाचताना पाहिलं आणि ते इतकं नवलाचं वाटलं की आत्मकथनात लिहून ठेवलं. म्हणजे पहूरच्या त्या दुसरीच्या खोलीत जे फरशीवर बसून घडतं ते माणसाच्या जातीलाही सहजी आलेलं नाही.

आता एक गंमत. आमच्याकडच्या बोलीत ळ नाही. आहे तो य. डोया, काया, केय, सकाय. पोरगं घरून निघतं ते शायेत जायला, आणि कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की तिची शाळा होते. पहिलीपासून हे चालतं: पुस्तकात ळ, बाईंच्या तोंडात ळ, पोरांच्या तोंडात य, बाई थांबवतात, पोरं जीभ वळवून, जोर लावून, ळ च्याही वर एक ळ म्हणतात आणि खिदळतात. बाई कुणाला रागावत नाहीत, त्यांचंही माहेर इकडचंच. पण त्या दिवशी, भाचीचं बोट मागे राहिलेलं बघताना, माझ्या मनात आलं की आता ती जे वाचते आहे त्यात शाळा आहे की शाया? कुणाला ठाऊक! तिथे बाई नाहीत. मी नाही. छापलेलं अक्षर ळ आहे हे खरं, पण आत ते कुणाच्या आवाजात उमटतंय, बाईंच्या, वहिनीच्या, की म्हशीला हाक मारणाऱ्या माझ्या भावाच्या? वर्षभर शाळेने घासूनपुसून जी बोली उंबऱ्याबाहेर ठेवली ती कदाचित याच वाटेने, वाळूखालून चालणाऱ्या वाघुरीगत, पुन्हा आत शिरली असेल. मला ते असं असावंसं वाटतं. पुरावा मागू नका.

आमच्या जिल्ह्यात असोद्याला 1880 मध्ये जन्मलेल्या एका बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि तिच्या आत केवढं होतं! जात्यावर, शेतात, चुलीपुढे बहिणाबाई बोलत-गात गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं, आणि पुस्तक निघालं ते 1952 मध्ये, त्या गेल्यावर. त्यांच्या ओळी पाठ्यपुस्तकात येतात तेव्हा खानदेशातल्या वर्गांत दरवर्षी एक छोटा चमत्कार होतो: पोरं दचकून पुस्तकाकडे बघतात. आजी बोलते तसं छापलंय की! त्या दिवशी कुणाला जीभ वळवावी लागत नाही.

वाचता येऊ लागलं की पोरं लिहू लागतात, आणि शक्यतो जिथे लिहू नये तिथे. एप्रिलमध्ये भिंती भरतात. पाण्याच्या टाकीवर कोळशाने, दारामागे खडूने, मुतारीच्या आडोशाला विटेच्या तुकड्याने. बहुतेक ठिकाणी आपलंच नाव, कधी तारखेसह. मुख्याध्यापक दम देतात. मला दर वेळी अजिंठा आठवतो, जो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्याच वाघुरीच्या वरच्या वळणावर आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात, खांबावर, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलं: 28 एप्रिल 1819. शिकारीला आला होता. हजार-दीड हजार वर्षांचे रंग समोर, बाहेर आमचं एप्रिलचं ऊन, आणि त्या शहाण्या माणसाला सुचलं काय, तर नाव लिहावं! आणि सोळाव्या लेण्यात भिंतीवर बुद्धाचं चरित्र आहे, त्यात लहानग्या सिद्धार्थाचं शिकणंही आहे. रंग पुष्कळ उडालेत. मी लहानपणी सहलीला गेले तेव्हा गाईडच्या टॉर्चचा पिवळा गोल त्यावरून फिरला आणि कुठल्या तरी पोराचा वाकलेला माथा क्षणभर दिसला. खाली मान घालून बसलेला. दिसला आणि अंधारात गेला.

पेपर झाले. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी निंबाला झोका बांधला, सुताच्या जाड दोराचा, पाट घालून. वहिनीने नव्या घागरी आणल्या, डांगरं आणली, सांजोऱ्या तळल्या. घरभर तुपाचा आणि ओल्या मातीचा वास. झोक्यावर बसलेल्या बायका गात होत्या, गौराईची, माहेराची गाणी, आणि पोरी खालून ती उचलत होत्या, अर्धे शब्द कळत नसताना. हेही वाचनच, कानाने केलेलं. माझी आई खाटेवरून पीजेच्या गोष्टी सांगत होती: पाचोरा ते जामनेर, 56 किलोमीटरची ती चिमुकली नॅरोगेज गाडी पहूरला कशी यायची, चढणीला कशी धापा टाकायची, बाजाराच्या दिवशी टोपल्या आणि बकऱ्या घेऊन बाया डब्यात कशा दाटीवाटीने बसायच्या. 2020 च्या मार्चमध्ये ती थांबली ती थांबलीच. भाचीला ती आठवण्याचं कारण नाही. तरी ती झोका थांबवून ऐकत होती, आणि मी तिचे ओठ बघत होते. ते किंचित हलत होते.

एक मेला झेंडावंदन आणि निकाल. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा कायदा 2009 चा. अलीकडे पाचवीला आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली, पण दुसरीला कसली भीती? तरी गणवेश धुवून इस्त्री केलेला, तेलाने चप्प बसवलेले केस, आणि प्रगतिपुस्तक हातात पडेपर्यंत प्रत्येक पोराच्या पोटात गोळा. भाचीने ते उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, मिटलं, आणि मैत्रिणीला शोधत पटांगणभर पळत गेली. मैत्रीण आली नव्हती. तिच्या जागी तिचा थोरला भाऊ दाखला न्यायला आला होता. त्याच्या खिशात सागरगोटे वाजत होते की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला सुट्टीसाठी माझ्याबरोबर जळगावला घेऊन निघाले. एसटीत बाई म्हणून माझं अर्धं तिकीट, पोर म्हणून तिचं अर्धं. “दोघी मिळून एक झालो, फुई,” असं म्हणून तिने खिडकी पकडली. आणि जे सुरू झालं! रसवंती. केळी वेफर्स, यातला रफार तिने विजयी सुरात उडवला. बियाणे व खते. टायर पंक्चर. वेग आवरा, यापुढे वळण आहे. समोरच्या ट्रकच्या पाठीवरचं, दुकानाच्या शटरवरचं, पाण्याच्या टाकीवरचं, कंडक्टरच्या डोक्यावरचं. अक्षर दिसलं की तिच्या तोंडून ते बाहेर पडत होतं, तिचा इलाजच नव्हता, आणि पुढच्या बाकावरचे आजोबा कौतुकाने मागे वळून बघत होते. नेरी मागे पडलं. ऊन चढलं. हळूहळू तिचा आवाज कमी झाला, मग थांबला. मला वाटलं झोप लागली. बघते तो डोळे टक्क उघडे, बाहेरच्या कशावर तरी धावणारे, आणि एकाएकी ती खुदकन हसली.

“काय गं?”

ती पुन्हा हसली. या खेपेला तोंडावर हात घेऊन.

“काय लिहिलं होतं? सांग ना.”

“मी नही सांगत,” ती म्हणाली. “तूच वाचाचं होतं ना, फुई.”

मी वाकून मागे पाहिलं. केळीच्या बागा होत्या, आणि धूळ.